मशीनचा आराम

पुण्याच्या ऑफिसात माझ्या हाताखाली काम करणारी मुलं मला टरकून असतात. त्यांनी लिहिलेला कोड मी तपासतो, आणि सी भाषेतल्या कोडमध्ये मेमरीची हयगय दिसली की माझं डोकं फिरतं. सी ही जुन्या वळणाची, कडक भाषा. प्रोग्रामला काम करायला जागा लागली तर ती आपण मागून घ्यायची आणि काम झालं की आपणच परत करायची. मागून आवरायला कोणी येत नाही. मागायचं ते मॅलॉक, परत करायचं ते फ्री. 'ज्याने मागितली त्याने परत केली पाहिजे' हे मी इतक्या तिरसटपणे म्हणत आलोय की मुलं माझ्या पाठीमागे माझा आवाज काढून ते म्हणतात. एकदा एका मुलीकडून एक फ्री राहून गेलं, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, 'घरी पण असंच करतेस का? जेवलेलं ताट तसंच टाकून उठतेस?' ती रडवेली झाली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. बोलणं कसं नेमकं जमलं म्हणून मनातून खूशच होतो.

हे आधी सांगतोय, कारण पुढे जे घडलं त्याची मला लाज वाटते, आणि मी काय म्हणून मिरवत होतो ते कळल्याशिवाय ती लाज नीट कळायची नाही.

आमचं गाव तापीच्या काठी, सारंगखेड्यापासून फार लांब नाही. केळी, कापूस, ऊस. नदीतून पाणी उचलून ते पाइपने शेताशेतात नेणारी शेतकऱ्यांची एक मंडळी आहे, आणि प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली असते. पाळी आली की आपल्या शेतात जाऊन व्हॉल्व्ह उघडायचा, संपली की बंद करायचा. शेतीची थ्री फेज लाईन, म्हणजे पंपाची वीज, कधी दिवसाची असते, कधी रात्रीची. रात्रीची असली की अंधारात केळीच्या बागेत शिरायचं, आणि पायाखाली काय येईल याचा नेम नसायचा.

लॉकडाऊनमध्ये मी गावी येऊन घरून काम करत होतो. वडील आधीच गेलेले, शेत चुलतकाकांकडे बटाईने दिलेलं, घरात आई एकटी. माझ्यासाठी म्हणून घरात इंटरनेटची चांगली लाईन आली होती. संध्याकाळी ओट्यावर माणसं बसायची, व्हॉल्व्हचं रडगाणं चालायचं, आणि एक दिवस मी बोलून गेलो, की हे घरबसल्या करता येईल. शेतातल्या व्हॉल्व्हवर सिमकार्डचा एकेक डबा बसवायचा. घरात एक कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून ठेवायचा. डबे त्याच्याशी बोलतील, ज्याची पाळी असेल त्याचा व्हॉल्व्ह तो उघडेल.

तयार साधनं वापरून हे काम सहज झालं असतं. पण मला सी येतं याचा माज होता. माझ्याकडचा जुना, जेमतेम मेमरीचा कॉम्प्युटर मी मधल्या घरात इन्व्हर्टरच्या शेजारी मांडला आणि सगळा सर्व्हर स्वतःच्या हाताने लिहिला. तो चालला. पहिल्यांदा मी घरात बसून नदीकाठचं पाणी सोडलं तेव्हा ओट्यावरची माणसं हसायला लागली. चुलतकाका आमच्या अहिराणीत म्हणाले, "आते मरानं बी घर बठीसन करसूत." मी दोन बोटं वर चढलो होतो. काही दिवसांनी पुण्याचं ऑफिस सुरू झालं आणि मी निघून गेलो.

मी असेपर्यंत काहीबाही सुधारताना सर्व्हर रोज बंद-चालू होत होता. मी गेल्यावर थोड्याच दिवसांत तो भरपाळीत बंद पडला. त्याचा हुकूम मिळेनासा झाला की डबे आपोआप व्हॉल्व्ह मिटून घेतात, तसे ते सगळीकडे मिटले. नदीवरचा पंप चालूच होता. पाण्याला वाट राहिली नाही आणि एका ठिकाणी पाइप फुटला. आईने घाबरून फोन केला. मी पुण्यातून सर्व्हरमध्ये डोकावून पाहिलं आणि बघताक्षणी समजलो, की मेमरी भरून गेली आहे. माझा प्रोग्राम जागा मागत होता आणि कुठेतरी ती परत करत नव्हता. मागत, मागत, मागत सगळी जागा संपली, की यंत्रच त्या प्रोग्रामचा गळा धरतं आणि त्याला बंद करतं. ज्यावरून मी पोरांना फाडून खातो, तीच चूक.

रविवारी बसून शोधू, असं मी ठरवलं. तोवर काय करायचं? कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला की मेमरी रिकामी होते आणि सर्व्हर आपोआप उठतो. मेमरी किती वेळात भरेल याचा नेम नव्हता, पण रोज एकदा तेवढं केलं तर निभावतं. पण ते ठरावीक वेळी आपोआप होईल असं मला लावता येईना, कारण मध्येच बंद झाला तर कोणाची तरी पाळी तुटणार. शेतीची लाईन गेलेली असते, पंप थांबलेला असतो, तेव्हाच ते करायला हवं, आणि लाईनचं वेळापत्रक सारखं बदलतं. ती कधी गेली ते मला पुण्यात बसून कळणार नव्हतं, म्हणजे घरात कोणीतरी माणूस हवा. माणूस होताच.

"का बरं बंद पडस ते?" आईने विचारलं.

खरं सांगायची मला लाज वाटली. खरं म्हणजे, तिला ते कळणार नाही असं मी स्वतःला सांगितलं. मी म्हटलं, "गरम व्हस माय. मशीनले बी आराम लागस. लाईन गई की बटन दाबीसन बंद करजो, हंडा भरस तवलोंग थांबजो, मंग परत चालू करजो."

बटण नुसतं दाबून सोडायचं होतं. दाबून धरून ठेवलं तर डिस्क खराब व्हायची भीती होती. म्हणून मी आणखी एक वाक्य जोडलं, आणि त्या वाक्याने पुढे सगळा घात केला. मी म्हटलं, "दुसरा कोनले हात लावू दिऊ नको."

"बरं," ती म्हणाली.

सर्व्हर परत कधी बंद पडला नाही. त्या रविवारी मला दुसरं काम निघालं, पुढच्या रविवारी आळस आला, आणि मग मी विसरलो. खोटं कशाला बोलू, विसरलोही नव्हतो. अधूनमधून आठवायचं. पण गावाकडून तक्रार नव्हती, आणि ज्याची तक्रार येत नाही ते काम कोण करतं? आई इतकी चोख होती की माझी चूक कोणाला दिसलीच नाही. एकदा तर एका मित्राला मी फुशारकीने सांगितलं, की गावाकडे मी लिहिलेला सर्व्हर वर्षानुवर्षं न थांबता चाललाय.

यंदा आखाजीच्या थोडं आधी मी गावी गेलो होतो. मंडळीची वार्षिक बैठक होती आणि माझा सत्कार ठेवला होता. सकाळी मंदिराच्या सभामंडपात सतरंज्या टाकल्या होत्या, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. मला शाल पांघरली, हातात नारळ दिला. मंडळीचे अध्यक्ष म्हणजे गुजर समाजातले एक वयस्क केळीवाले शेतकरी. एरवी ते अहिराणीत बोलतात, पण माइक हातात आला की शाळेतली मराठी काढतात.

ते म्हणाले, "यांनी आपल्याला अंधारात भटकण्यातून सोडवलं. पण मित्रहो, खरा सत्कार करायचा तर यांच्या मातोश्रींचा. यंत्रालाही विश्रांती लागते. ती विश्रांती देण्याचं काम या माउलीने एक दिवससुद्धा चुकवलं नाही. आखाजीला आपल्या लेकीबाळी माहेरी जातात. यांनी माहेरची आखाजी सोडली. भाऊ मुराळी म्हणून दारात आला, त्याला यांनी रिकामं परत पाठवलं. सख्खी भावजय वारली, तर तिला निरोप देऊन त्याच संध्याकाळी या घरी परतल्या, कारण लाईन जायची वेळ होत आली होती. का? तर तुमचं आमचं पाणी थांबू नये म्हणून."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या बाजूने जोरात वाजल्या. आई पदर तोंडाशी धरून खाली बघत बसली होती.

आमच्याकडे आखाजी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. अक्षय्य तृतीया तर सगळीकडेच असते, पण खानदेशात ती लेकींची असते. उन्हाळ्यात लग्न झालेल्या बायका माहेरी जमतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि घागर पुजून गेलेल्या माणसांना घास काढून ठेवतात. पण कोणी आपली आपण उठून माहेरी जात नाही. माहेरचा माणूस न्यायला यावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात. तो आला नाही तर बाई तशीच थांबते आणि चार लोक कुजबुजतात. आईचा मुराळी म्हणजे तिचा पाठचा भाऊ, माझा एकुलता एक मामा. त्याचं गाव तळोद्याच्या बाजूला. आईवडील गेल्यानंतर आईचं माहेर म्हणजे तो आणि मामी, एवढंच उरलं होतं.

मी शाल पांघरून उभा होतो आणि मला मामी गेली तो दिवस आठवत होता. मला रजा मिळाली नव्हती, म्हणजे मी मागितली नव्हती. संध्याकाळी मी आईला फोन केला तेव्हा ती घरी पोचलेली होती. मी काय म्हणालो होतो? "उनी का परत? बरं झायं." मला वाटलं होतं, तिची तब्येत बघता तिथल्या दगदगीत राहिली नाही ते बरंच केलं.

टाळ्या थांबल्यावर अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी नुसता हात जोडून बसलो. तर लोकांना वाटलं, पोरगा आईच्या कौतुकाने गहिवरला, आणि त्यांनी त्यावरही टाळ्या वाजवल्या. इतका कानकोंडा मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. शाल त्या उन्हाळ्यात अंगावर टोचत होती आणि ती काढून ठेवायचीही सोय नव्हती.

घरी येताच मी आईला विचारलं, "मामा मुराळी येईसन परत गया, हाई माले का बरं नही सांगं?"

ती म्हणाली, "सांगीसन काय करतास? लाईन का मन्हा माहेरनं देखीसन येस जास? आनी तूच तं सांगं व्हतं, दुसरा कोनले हात लावू दिऊ नको."

"मामा यंदा उना का?"

"आते तो नही येवाव," ती म्हणाली, आणि चूल नसतानाही फुंकर घातल्यासारखा तोंडाचा आवाज काढून भांड्यांकडे वळली. मामी गेल्यावर आई त्याच्यापाशी एक रात्रसुद्धा थांबली नाही, हे त्याच्या फार मनाला लागलं होतं. त्यानंतरच्या आखाजीला तो आला नाही. फोनही नाही. ती करायची तर त्याची सून उचलायची आणि 'बाहेर गयात' म्हणायची.

जेवण झाल्यावर मी कॉम्प्युटर उघडला. किती वर्षांनी तो कोड वाचत होतो. चूक शोधायला मला मुळीच वेळ लागला नाही, आणि त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं. सॉकेट म्हणजे दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात तेव्हा त्या बोलण्याचं आपल्याकडचं टोक, फोनच्या रिसीव्हरसारखं. शेतातल्या डब्याचा फोन आला की माझा सर्व्हर त्याच्यासाठी मेमरीचा एक तुकडा मागून घेई आणि त्यात त्याचा निरोप उतरवी. निरोप पूर्ण झाला की काम करून तुकडा परत देई. इथवर सगळं बरोबर होतं. पण बोलणं मध्येच तुटलं तर? तर मी फोन ठेवून द्यायला सांगितलं होतं, आणि तिथूनच परत फिरलो होतो. तुकडा तसाच. त्या डब्याचा पुन्हा फोन आला की नवा तुकडा. पुन्हा तुटलं, पुन्हा नवा.

लिहिताना घरात तपासलं तेव्हा बोलणं कधी तुटलंच नव्हतं. तिथे दोन्ही यंत्रं एकाच टेबलावर होती. तिकडे नदीकाठी नेटवर्क येतं आणि जातं, लाईन गेली की टॉवरही मान टाकतो, आणि सगळे डबे अर्धवट बोलून गप्प होतात, परत बोलू लागतात, परत गप्प. याच गावात मी लहानाचा मोठा झालो. इथलं बोलणं मध्येच तुटतं हे मला कोणी शिकवायला नको होतं. फोनवर 'हॅलो हॅलो' करत मीच घराच्या गच्चीवर चढलेलो आहे. तरी कोड लिहिताना मी पुणेकर होऊन लिहिला.

जिथे फोन ठेवला होता, त्याच्या वर मी एक ओळ लिहिली. फ्री, कंसात त्या तुकड्याचं नाव, अर्धविराम. मग चुलतकाकांच्या बागेतला एक डबा हातात घेऊन बसलो आणि त्याचं सिम काढत घालत राहिलो. मेमरी जिथल्या तिथे होती. पूर्वी ती चढत चढत गेली असती, आता हलेना. त्या दिवशी लाईन गेली तेव्हा आई सवयीने पदर खोचून मधल्या घरात आली.

"ऱ्हाऊ दे माय," मी म्हटलं. "आते आराम देवानी गरज नही."

"का बरं? थंड पडनं का?"

तेव्हाही मला एक खोटं सुचलं होतं. उन्हाळा संपत आला की लागत नाही, असलं काहीतरी. पण सकाळच्या टाळ्या कानात होत्या. मी म्हटलं, "माय, त्याले आराम कधीच लागत नव्हता. मन्ही चूक व्हती. एक ओळ लिखानी ऱ्हाई गई व्हती. ती मी आज लिखी."

तिने आधी मशीनकडे पाहिलं. हात अजून बटणाच्या दिशेने अर्धा पुढे होता, तो तिने मागे घेतला.

"एक ओळ?"

"हां."

"मंग पहिले का बरं नही लिखी?"

ती चिडून विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्यासारखा हुशार मुलगा एक ओळ लिहायला इतका का थांबला, यामागे काहीतरी मोठं कारण असणार, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. ते कारण ऐकायला ती उभी राहिली. माझ्याकडे कारण नव्हतं. मला वेळ होता, अक्कल होती, सगळं होतं. फक्त त्रास तिला होत होता आणि मला नव्हता. हे मी तिला सांगू शकलो नाही. शेवटी तीच म्हणाली, "जाऊ दे," आणि देवाजवळ दिवा लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, की मी मामाकडे जातो, त्याच्या पाया पडतो, सगळं खरं सांगतो. तो माझ्यावर काय रागवायचं ते रागवेल आणि तुला न्यायला येईल.

"बिलकुल जाऊ नको," ती म्हणाली. एवढ्या ठासून तिला बोलताना मी क्वचित ऐकलंय. "भाचानापायी मन्ही बहीन उनी नही, असं त्याले कळनं तं तो तुन्हं तोंड देखाव नही. मन्हं माहेर मी देखी लिसू."

"मंग तुले कोन लेवाले यई?"

आखाजीच्या आदल्या दिवशी तिने सकाळीच पिशवी भरली. चांगलं लुगडं नेसली. मला म्हणाली, शहाद्याच्या स्टँडवर सोड. माझ्याकडे गाडी होती, मी तिला थेट मामाच्या दारात नेऊन सोडलं असतं, पण ती ऐकेना. "तू नको येऊ. तुले देखीसन बोलनं वाढी." सगळं आयुष्य ती मुराळ्याशिवाय आखाजीला माहेरी गेली नव्हती. लग्न झाल्यापासून एकदाही नाही. स्टँडवर बायकांची ही गर्दी होती, बहुतेकींबरोबर भाऊ नाहीतर भाचा होता, कोणाची पिशवी कोणाच्या खांद्यावर. आमच्या गावची एक बाई तिथे भेटली. तिने आईच्या मागेपुढे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ कोठे शे?" आई म्हणाली, "तठे वाट देखी ऱ्हायना." तळोद्याची बस लागली तशी ती घाईघाईने चढली. मला खिडकीतून हात केला नाही. ती रागावली होती म्हणून नव्हे. तिला त्या गर्दीत कोणाच्या नजरेला नजर द्यायची नव्हती.

मी घरी परतलो आणि दोन दिवस एकटा राहिलो. लाईन जायची वेळ झाली की कोणी ना कोणी दारात डोकवायचं. "माय घर नही का? मंग मशीनले आराम कोन दी?" पहिल्या माणसाला मी खरं सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "आता नवीन सॉफ्टवेअर टाकलंय, आराम लागत नाही." या वेळी अहिराणीत खोटं बोलवलं नाही, म्हणून बहुधा मराठीत बोललो. तो म्हणाला, "वा, सुधारणा करी तुमनी." मग मी सगळ्यांना तेच सांगत गेलो. सगळे खूश. एकाने तर पुढच्या बैठकीत याचाही उल्लेख करू म्हणून सांगितलं.

आखाजीच्या दिवशी दुपारी मामाचा फोन आला. किती तरी दिवसांनी मी त्याचा आवाज ऐकत होतो. मागे बायकांच्या गाण्याचा आवाज येत होता. मी आधी काही बोलायच्या आतच त्याने सुरुवात केली.

"काल तुन्ही माय बसवरथून उतरनी तं मी ओटावर बठेल व्हतू. मी उठनू बी नही. मंग मी तिले लई बोलनू बेटा, सगळासमोर बोलनू. तुन्ही भावजय गई, मी एकटा पडनू, आनी तू एक रात थांबनी नही. कसानी बाई तू? ती म्हने, चूक मन्हीच व्हती भाऊ. माले घर सोडानं जिवावर ये. ते मशीन-बिशीन काही नही म्हने, तो नुसता बहाना व्हता. रडनी लई. मंग मी बी रडनू."

सगळ्या गावाने टाळ्या वाजवून जे तिचं मोठेपण म्हणून सांगितलं होतं, ते तिने भावासमोर बहाणा म्हणून टाकून दिलं होतं. सगळ्या भावकीसमोर ती निष्ठुर बहीण ठरून बसली होती, म्हणजे माझ्या चुकीपर्यंत कोणी पोचू नये.

मामा म्हणाला, "तुले वाईट वाटी, पन तुन्ही माय अशी निंघनी. जाऊ दे, आते उनी ना. बाईनी जात, चुकी जास." मग त्याचा आवाज मऊ झाला. "पन तू चांगला शे. तूच तिले समजाडीसन धाडं ना? माले माहीत शे. तिनी नही सांगं, पन मी वळखं. बिनमुराळ्यानी ती आपला मनथून कधी येती नही."

तो माझ्या उत्तराची वाट पाहू लागला. नेटवर्क त्या दिवशी स्वच्छ होतं. मागचं गाणं सुद्धा शब्दन् शब्द ऐकू येत होतं. मी बोललो असतो तर त्याला सगळं ऐकू गेलं असतं.

"हां मामा," मी म्हटलं.